बोका घरी पोचतो का?

चार मारेकऱ्यांच्या हातावर तुरी देऊन बोका पत्र्याच्या छपरावर चढला होता. पोटरीतून रक्त ठिबकत होतं, खालून कुत्री भुंकत होती, आणि नेमक्या त्याच क्षणी खिडकीबाहेरून आवाज आला — खर्रर्रर्र… टॅक!

काचेपलीकडे काकांनी हात वर केला.

"पुन्हा?" तिने माईकमधून विचारलं.

"पुन्हा. रक्त ठिबकतं तिथून घे."

तिने घेतलं. रक्त ठिबकलं, कुत्री भुंकली, बोका वाकून पुढे सरकला आणि — खर्रर्रर्र… टॅक! तिने कानावरचे हेडफोन काढले, "आलेच," म्हणाली, आणि तीन मजले उतरून तरातरा खाली गेली.

काका म्हणजे तिच्या बाबांचे धाकटे भाऊ. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांचा स्टुडिओ होता. आपलं म्हणायचं स्टुडिओ; भिंतींना गाद्यांचा फोम चिकटवलेला, दाराच्या फटीत जुनी ब्लँकेटं कोंबलेली. तिथे बसून ती पुस्तकं वाचायची आणि लोक ती मोबाइलवर ऐकायचे. बाबांची नजर गेली तेव्हापासून ती त्यांना रोज मोठ्याने वाचून दाखवायची. ते ऐकून काकांनीच तिला या कामाला लावलं होतं. आजवर तिच्या वाट्याला लहान मुलांच्या गोष्टी, कुंड्यांतली बाग आणि मनःशांती असलं काहीबाही आलं होतं. ही पहिलीच कादंबरी अशी, की पानापानाला गटार, सुरा आणि शिवी. बोका हा त्या कादंबरीचा नायक. चोर होता, पण मनाचा बरा होता.

खाली, रस्त्याच्या पलीकडे, एक बंद पडलेली बँक होती. बँकेला कुलूप लागून वर्षं झाली, पण तिच्या रुंद दगडी पायऱ्या आणि मधोमध उतरणारा लोखंडी कठडा जागच्या जागी होता. पायऱ्यांच्या पायथ्याशी एक तरुण उताणा पडून आभाळ बघत होता. कोपर सोललेलं होतं. शेजारी स्केटबोर्ड उलटा पडला होता आणि त्याची चाकं अजून गरगरत होती. ती भांडायला आली होती, पण त्याला तसा पडलेला बघून पाठ केलेलं पहिलं वाक्यच विसरली.

"लागलं का?"

"सवय आहे." तो पडल्यापडल्याच म्हणाला. "तुम्ही विचारलंत म्हणून आता जरासं दुखायला लागलंय."

"हे बघा, वर आमचं काम चालू आहे. तुमच्या या खडखडाटामुळे सकाळपासून एक माणूस छपरावर अडकून पडलाय."

तो ताडकन उठून बसला. "कुठल्या छपरावर? अग्निशमनवाल्यांना कळवलं का?"

"पुस्तकातल्या!"

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग हसला — आधी डोळे, मग गाल, मग सगळाच. तिला हसायचं नव्हतं. तिने ओठ घट्ट मिटून पाहिले, पण उपयोग झाला नाही.

"मग उतरतो का तो खाली?"

"तुम्ही गप्प बसलात तर उतरेल."

पायऱ्यांच्या कडेला किल्ल्या बनवून देणाऱ्या मावशींची टपरी होती. त्या कानशीने एक किल्ली घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भोवऱ्या, गप्प बस रे जरा. उतरू दे त्या माणसाला."

तर गल्लीत त्याला भोवरा म्हणत. सकाळी तो पलीकडच्या बॅगा दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा. दुपारी ते दुकान मिटलं की बँकेच्या पायऱ्या त्याच्या.

तिथल्या तिथे तह झाला. काम सुरू असेल तेव्हा ती खिडकीत आपला पिवळा स्कार्फ बांधणार. स्कार्फ दिसला की चाकं बंद. स्कार्फ काढला की त्याचं राज्य.

"आणि मला काय मिळणार?" त्याने विचारलं.

"तुम्हाला? शहाणपणा."

"तो नको. त्या माणसाचं पुढे काय झालं ते सांगायचं. रोज."

हा तह पाळताना कधी "तुम्ही"चं "तू" झालं, ते दोघांनाही कळलं नाही. स्कार्फ सुटला की ती खाली यायची. तो बोर्ड मांडीवर घेऊन पायरीवर बसलेला असायचा, शाळेतल्यासारखा, हाताची घडी वगैरे घालून. ती त्या दिवशीचं प्रकरण सांगायची. पुस्तकं तो वाचत नसे. "दोन ओळींत झोप लागते," तो बिनदिक्कत सांगायचा. पण तिने सांगितलेला बोका तो कान टवकारून ऐकायचा.

एकदा तिने रडकं तोंड करून कबूल केलं, की तिला शिव्या जमत नाहीत. काका म्हणाले होते, तुझी शिवी साखरेत घोळवल्यासारखी येते.

"देऊन दाखव एक."

तिने दिली. मावशींच्या हातातली किल्ली थांबली. भोवरा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "अगं, ही ऐकून तो मारेकरी चहा प्यायला थांबेल. शिवी घशातून नाही, पोटातून आली पाहिजे. पायावर दगड पडलाय असं समज. हं… आता."

तिने डोळे मिटले आणि पोटातून दिली. पारव्यांचा थवा बँकेच्या छपरावरून उडाला. मावशी म्हणाल्या, "हां. ही लागली." तिचे कान लाल झाले. तो मात्र हसला नाही. तिच्या लाल झालेल्या कानांकडे तो जरा जास्तच वेळ बघत राहिला, आणि मग उगाचच बोर्डाचं चाक फिरवून पाहू लागला.

त्याचं दुःख वेगळं होतं. दूरच्या एका शहरात स्केटबोर्डवाल्यांची एक टोळी होती. ती गावोगाव फिरून मोकळ्या जागांवर मैदानं बांधायची, मुलांना शिकवायची. त्यांना माणसं हवी होती. आपली एक सलग दौड, कुठेही न थांबता, चित्रित करून पाठवायची होती. भोवऱ्याने महिनोन्‌महिने इतरांचे व्हिडिओ बघून त्याच त्या उड्या घोटवल्या होत्या. सगळ्या जमायच्या. पण जोडल्या की काही म्हणता काही व्हायचं नाही.

"बघणाऱ्याला वाटतं, हा उड्या मारतोय." तो म्हणाला. "बास. एवढंच वाटतं."

त्या दिवशी ती छपरावरचं प्रकरण सांगत होती. बोका पत्र्यावरून गटाराच्या झाकणावर, तिथून भिंतीच्या कडेवर, मग कठड्यावरून घसरत खालच्या बोळात.

"मग? लोक टाळ्या वाजवतात?"

"कसल्या टाळ्या? मागे सुरे घेऊन चार जण आहेत. अंधार आहे. त्याला घरी जायचंय."

त्याने मांडीवरचा बोर्ड खाली ठेवला. "म्हणजे तो दाखवायला उडी मारतच नाही," तो हळूच म्हणाला. "मध्ये भिंत आली म्हणून मारतो… ए, ते परत सांग ना. सांगू नको — वाच. जसं वर वाचतेस तसं."

तिने पुस्तक उघडून वाचलं. तो उठला आणि पायऱ्यांच्या वर गेला. ती वाचत होती आणि तो घरी चालला होता. गटाराचं झाकण — खण्ण. कट्ट्याची कड. कठडा. दर वेळी तो एकाच जागी पडायचा, आणि एकदा पडल्यावर धापा टाकत म्हणाला, "मला कळलं. तू श्वास घेतेस ना, त्याच्या आधीच मी उडी घेतोय. तू श्वास घेशील तेव्हाच घ्यायला पाहिजे."

"माझा श्वास तुला तिथून ऐकू येतो?"

"येतो." मग जरा थांबून, नजर चुकवत — "आजकाल घरीसुद्धा येतो."

तिने पान उलटलं, आणि एकाऐवजी दोन उलटली.

मग एक पावसाची दुपार आली. पायऱ्या ओल्या, चाकं घसरणार. भोवरा भिजलेल्या मांजरासारखा स्टुडिओच्या दारात उभा राहिला. काकांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "पाणी निथळून आत ये." तिने त्याला आतल्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि स्वतः माईकशी बसून वाचू लागली. तो डोळे मिटून ऐकत होता. तिचा आवाज असा थेट कानात… तिने आवंढा गिळला तोही त्याला ऐकू गेला असणार, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

प्रकरण संपल्यावर काका म्हणाले, "आता खोलीची शांतता घेऊ. हलू नका दोघंही."

"शांतता घेऊ म्हणजे?" तो कुजबुजला.

"रोज काम संपलं की मिनिटभर रिकामी खोली रेकॉर्ड करतात. चूक कापली की तिथे भोक पडतं. मग त्यात ही शांतता भरायची. नुसतं काहीच नाही भरलं तर कानाला टोचतं."

"शांततेचंही ठिगळ असतं होय?"

"शू…"

रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. दोघं समोरासमोर बसले होते, गुडघ्याला गुडघा लागेल न लागेल असे. त्याच्या केसांतून एक थेंब ओघळून भुवईवर थांबला. आधी हसू आलं. दोघांनी ते दाबलं. मग हसू कुठेतरी गेलं, आणि दोघं नुसतेच बघत राहिले. एरवी क्षणभर एका जागी न टिकणारा तो माणूस दगडासारखा स्थिर बसला होता. तिला वाटलं, हा दिवा विझूच नये.

दिवा विझला. काकांनी ते मिनिट ऐकलं आणि मान हलवली. "ही चालणार नाही. यात दोन श्वास आहेत. पुस्तक एकटीने वाचलंय."

"पुसू नका, काका," ती पटकन म्हणाली.

काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्यांनी ते पुसलं नाही.

त्याची दौड जमली. मावशींच्या भाच्याच्या मोबाइलवर ती चित्रित झाली. पायऱ्यांवर बसून ती वाचत होती, तो उतरत होता, आणि शेवटच्या उडीनंतर तो न थांबता सरळ बोळात दिसेनासा झाला. ती त्या रिकाम्या बोळाकडे बघत होती. सगळे ओरडले, मावशींनी किल्ल्यांचा जुडगा वाजवला. तिने मात्र पुस्तक मिटलं. ज्या आवाजाने त्याला रस्ता दाखवला तो तिचाच होता, आणि तो रस्ता इथून बाहेर जाणारा होता. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि बोळ रिकामा दिसणं वेगळं.

त्यानंतर तिचं वाचन बिघडलं. कधी न अडखळणारी ती साध्या साध्या शब्दांना अडू लागली. वाक्य संपत आलं की चुकायची, मग पुन्हा पहिल्यापासून. कादंबरीची शेवटची प्रकरणं पुढे सरकेचनात.

"काय गं," काका एकदा म्हणाले, "‘दार’ हा शब्द तुला कधीपासून जड जायला लागला?"

"घसा बसलाय."

"घशाला काही झालेलं नाही." काकांनी बटण बंद केलं. "पुस्तक लांबवलं म्हणून माणूस थांबत नसतो, बाळा."

ती रडली. काकांनी माईक आधीच बंद केला होता.

खाली भोवरा रोज विचारायचा, "आज तरी सांग. बोका घरी पोचतो का?" आणि ती म्हणायची, "उद्या." तिने शेवट कधीच वाचून ठेवला होता. बोका घरापर्यंत येतो. खिडकीत उजेड असतो, आत त्याची माणसं जेवत असतात. पण मारेकरी मागे आहेत. दार वाजवलं तर ते याच्या पाठोपाठ आत शिरतील. म्हणून तो आपल्याच दारावरून न थांबता, पावलांचा आवाज न करता, पुढे निघून जातो. हे त्याला कसं सांगायचं, ते तिला कळत नव्हतं.

बोलावणं आलं. भोवऱ्याने स्वतःसाठी दुकानातलीच एक बॅग नीट केली, नवी चाकं बसवली.

"आजवर लोकांच्या बॅगांना चाकं लावली," तो म्हणाला. "लोक गेले, मी इथेच." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "तू चल ना."

"बाबा आहेत."

"माहीत आहे. तरी विचारलं."

मावशी टपरी सोडून उगाचच चहा आणायला गेल्या. मग तो बोर्डाकडे बघत म्हणाला, "उद्या दुपारी निघतोय. खिडकीत स्कार्फ नसेल तर मी वर येईन. आणि वर आलो आणि तू थांब म्हणालीस… तर मी थांबेन. खरंच. बॅगा आहेतच दुरुस्त करायला."

"आणि स्कार्फ असला तर?"

"तर समजेन, काम चालू आहे."

तिने मान हलवली. तो उठला, दोन पावलं गेला आणि वळला. "आता तरी सांग. पोचतो का घरी?"

"दारापर्यंत पोचतो," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. पुढचं विचारलं नाही.

घरी बाबांना तिने जेवण वाढलं. बाबा हाताने ताट चाचपत म्हणाले, "आज आवाज का असा येतोय तुझा? कोण जातंय?" नजर गेल्यापासून बाबांपासून काही लपत नसे. ती म्हणाली, "कोणी नाही बाबा, एक ओळखीचा." बाबा जेवायचे थांबले. "माझ्यामुळे अडकू नकोस गं," ते म्हणाले. "अडकले नाहीये," तिने त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला, "मला इथेच राहायचंय." आणि ते खरंही होतं. बाबांना सोडून तिला कुठेच जायचं नव्हतं. तिला फक्त तोही इथे हवा होता, आणि ते मागायचं नव्हतं. तो थांबला असता. वर्ष, दोन वर्षं आनंदात राहिला असता. मग एखाद्या दुपारी कोणाच्या तरी बॅगेला चाक बसवताना त्याने रस्त्याकडे पाहिलं असतं. ती नजर तिला बघायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने खिडकीत स्कार्फ बांधला. गाठ सुटू नये म्हणून दोनदा आवळला.

आत बसली. शेवटची चार पानं उरली होती. काकांनी दिवा लावला आणि ती वाचू लागली. एकदाही अडखळली नाही. बोका गल्लीत आला, खिडकीतला उजेड त्याने पाहिला, भांड्यांचा आवाज ऐकला. ‘दार’ हा शब्द तिने स्वच्छ उच्चारला. बोका दारावरून पुढे गेला. पुस्तक संपलं.

"शांतता घेऊ," काका म्हणाले.

ती बसून राहिली, आणि सगळं अंग कानात गोळा करून ऐकू लागली. तिला वाटत होतं, आज तरी तो तह मोडेल. जाता जाता एकदा तरी चाकं वाजवेल. सगळं रेकॉर्डिंग खराब होऊ दे, चारही पानं पुन्हा वाचावी लागू देत, पण एक खर्रर्र येऊ दे. नव्या चाकांच्या बॅगेचा तरी. गटाराच्या झाकणाचा तरी. काहीही.

दिवा विझला.

"काका, काही आलं त्यात? चाकांचं वगैरे?"

"काहीच नाही. स्वच्छ आहे."

ती धावत खिडकीशी गेली. पायऱ्या रिकाम्या होत्या. मावशी खालून वर बघत होत्या, जणू तिचीच वाट पाहत असल्यासारख्या.

"गेला गं," त्या म्हणाल्या. "आत्ताच. तुझा स्कार्फ बघून इथे उभा राहिला जरा वेळ. मग बोर्ड घेतला काखेत, आणि ती एवढी मोठी बॅग उचलून घेतली डोक्यावर. म्हटलं, अरे चाकं आहेत ना तिला? तर तोंडावर बोट ठेवलं माझ्यापुढे. झाकणावर पायसुद्धा दिला नाही, कडेकडेने गेला. चोरासारखा."

ती खिडकीचा गज धरून उभी राहिली. तो तिच्या दारावरून गेला होता, त्या मिनिटभरात, त्याच शांततेत. शेवट त्याला कोणी सांगितला नव्हता, तरी तो त्याला कळला होता.

मागे काका हळूच म्हणाले, "या वेळची शांतता चांगली आलीये. एकच श्वास आहे." मग घसा खाकरून, "ती पावसातली पण ठेवलीये मी. पुस्तक संपल्यावर जरा थांबायचं असतं ना, तिथे… कोणती लावू?"

तिने डोळे पुसले. स्कार्फची गाठ इतकी घट्ट बसली होती की तिला ती दातांनी सोडवावी लागली.

"आजची लावा," ती म्हणाली. "ती पावसातली पुस्तकात नको. ती मला द्या."